डावी बाजू

अय्यूबमामूच्या यार्डात गाड्या मेल्यावर येतात
आणि भट्टीला जायच्या आधी चार-सहा दिवस
एकमेकींच्या टपावर बसून राहतात.
जालन्यात लोखंड फार काळ जुनं राहत नाही.
मंगळवारी दार, शुक्रवारी सळई,
पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी स्लॅबमध्ये.

म्हणून मी सोमवारी जातो.
खिशात व्हर्निअर, वहीत मापं,
आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडात
चौकोनी पाइपांचा सांगाडा,
दोन सीटचा, कमरेएवढा.
घरात माणसं चार.
हा हिशोब सुलभानं पहिल्याच दिवशी मांडला,
तेव्हापासून त्यावर बोलणं नाही.

कॉन्टेसाचे विशबोन पाहिले,
जुन्या पैलवानाच्या मांड्या.
मामू म्हणाले, ले जाव, ऐसा माल अब नै आता.
उचलून पाहिला, ठेवून दिला.
माझी अख्खी गाडी साडेपाचशे किलोची व्हायचीय.
तिला हे पाय लावले
तर ती चालेल, धावणार नाही.

पद्मिनीचे बरे होते. पण किंगपिन धरलेली,
दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून
हातोड्यालाही दाद देईना.

राहिली झेन. बीडची, एमएच तेवीस,
काचेवर लाल फुली, मागच्या सीटखाली
सलाइनची एक रिकामी बाटली.

स्प्रिंगच्या वर जे बसतं ते झुलतं.
खाली जे असतं, हब, डिस्क, आर्म, चाक,
खड्डा आधी त्याला कळतो, मग आपल्याला.
ते जितकं हलकं
तितकं चाक जमीन सोडत नाही.
हे मी मामूंना समजावून सांगितलं.
त्यांच्याकडे सगळं किलोवर. जड ते महाग.
हलकंच पाहिजे म्हणून तासभर अडून बसलेलं गिऱ्हाईक
त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.
वाकून त्यांनी वजनकाट्याखाली बघितलं,
मी काही चिकटवलंय का.

झेन कुशीवर पाडली. दोन्ही आर्म सोडवले.
उजवीकडचं बुश ठीक.
डावीकडचं रबर फाटून बाहेर लोंबतंय,
बॉल जॉइंट बोटानं हलतो.
शेजारची परभणीची झेन सोडवली. डावाच गेलेला.
हिंगोलीची इंडिका. डावाच.
एक सँट्रो, कुठली ते कळायला नंबरप्लेटच नाही,
तिचाही डावा.
मला वाटलं माझ्या नजरेतच खोट आहे,
पोराला हाक मारून त्याच्याकडून मोजून घेतलं.

मामू बशीत चहा ओतत म्हणाले,
सिंगल रोड है ना बाबा.
सामने से ट्रक आया तो नीचे कौन उतरता?

आणि मला दिसला
रात्री अडीचला गेवराईच्या पुढं निघालेला कुणी डॉक्टर,
समोर दोन दिवे, मागं न हटणारे,
डांबराची तुटकी कड, वीतभर खोल,
डावं चाक खाली, धूळ, डावं चाक वर,
पुन्हा दोन दिवे.
किती वर्षं. किती वेळा.
उजव्याला त्यातलं काही ठाऊक नाही.

आता माझी गाडी जमिनीपासून पाच इंचांवर बसणार.
वहीत तसं लाल शाईनं लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.
पाच इंचांची गाडी साइडपट्टीवर उतरली
तर पोटावर बसेल.
म्हणजे समोरच्यानं उतरायचं का?
ऊस भरलेल्या ट्रॅक्टरनं, दोन ट्रॉल्यांसकट?

पाच खोडलं. सहा लिहिलं.
घरी जाईपर्यंत साडेसहा होईल, मला माहीतय.
एवढ्या उंचीवर ती स्पोर्ट्स कार राहते का
हे कुणाला विचारायचं, ते माहीत नाही.

दोन्ही आर्म घेतले, दोन्ही हब, स्टिअरिंगचा रॅक.
बुश नवी टाकीन, बॉल जॉइंट नवा.
हाडं त्या डॉक्टरचीच.
काट्यावर एकोणीस किलो आठशे ग्रॅम.
मामूंनी वीस धरले.

स्कूटरवर पायाशी गोणपाटात बांधून निघालो.
अंबड चौफुलीच्या पुढं
समोरून पाण्याचा टँकर आला, गळत, रस्ताभर.
हॉर्नवर अंगठा गेला होता.
खाली उतरलो.
पायाशी लोखंड खणखणलं.